रोसामावशीचे नऊ मोकळे सांधे

रोसांदा बेलिन आमच्या ऑफिसात आली ती भांडायला, आणि पुढची आठ वर्षं राहिली तीही भांडतच. बेलग्रेडच्या उत्तरेला झ्रेन्यानिन गावात आमचं कारखान्यांच्या पाइपांचे आराखडे करायचं ऑफिस. खाली बुरेकचं, म्हणजे चीज-खिमा भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीचं दुकान, वर आम्ही अकरा जण. त्या काळी ती गावातल्याच एका कारखान्यात पाइप जोडणारी मिस्त्री होती, चोपन्न वर्षांची. आमच्याकडून गेलेला प्रत्येक कागद ती लाल पेन्सिलीचे शेरे मारून परत पाठवायची. ‘या बोल्टला पाना कुठून लावू, छतातून?’ ‘हा व्हॉल्व्ह फिरवायला माकड नेमलंय का?’ एकदा तिनं थेट फोन केला आणि आमचे म्हातारे इंजिनिअर झिव्को यांना विचारलं, की हे ज्यानं काढलंय त्यानं आयुष्यात कधी हातात पाना धरलाय का. झिव्को म्हणाले, “नाही धरला. मग तूच ये आणि काढ.” त्यांना वाटलं बाई गप्प बसेल. बाई पुढच्या सोमवारी डबा घेऊन हजर झाली.

तिला सॉफ्टवेअर शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात सगळ्यांत नवी मी. तेवीस वर्षांची, डिग्रीची शाई ओली, आणि डोक्यात हवा. मी मनातल्या मनात म्हटलं, महिनाभरात पळेल ही. पहिल्या आठवड्यात ती माऊस असा आवळून धरायची की त्यातून पाणीच निघेल. पडद्यावरचं मॉडेल खालून बघायचं असलं की ते फिरवायचं सोडून स्वतःच मान वाकडी करून टेबलाखाली वाकायची. आम्ही हसायचो. दुसऱ्या महिन्यात ती माझ्या चुका काढायला लागली आणि आमचं हसणं बंद झालं. मी तिला रोसामावशी म्हणायला लागले ते तेव्हापासून. ती मला नावानं क्वचितच हाक मारायची. “पोरी” म्हणायची, आणि चिडली असली की “इंजिनिअरबाई.”

तिचं खरं युद्ध सुरू झालं ते सांध्यांवरून. इमारतींचं मॉडेल करायच्या या सॉफ्टवेअरला वाटतं की एका पाइपाला एकाच जातीचा सांधा असतो. तुम्ही पाइप ओढत न्या, वळणावर ते आपोआप कोपरा बसवतं, फाट्यावर टी बसवतं, आणि सगळं एकाच पद्धतीनं जोडून मोकळं होतं. खऱ्या कारखान्यात एकाच वाफेच्या लाइनीवर तीन तऱ्हा असतात. बॉयलरपाशी बोल्टांनी आवळलेली चकती, म्हणजे फ्लँज, कारण बॉयलर कधी ना कधी उघडावा लागतो. मधली सगळी लांबी वेल्ड केलेली. आणि शेवटचे बारीक फाटे आटे पाडून फिरवून बसवलेले. आमची मंडळी त्यासाठी एका लाइनीचे तीन वेगळे पाइप करायची, आणि ते जिथं एकमेकांना भेटायचे तिथं सॉफ्टवेअर असले काही चमत्कारिक तुकडे घालायचं की ते जगात कुठल्याही दुकानात मिळाले नसते.

रोसामावशीनं एक अख्खा हिवाळा बसून त्याला शिस्त लावली. पाइप एकच, पण कितव्या मापापर्यंत आटे, कुठून पुढं वेल्ड, कुठल्या यंत्रापाशी फ्लँज, याचा तक्ता तिनं त्याच्या पोटात भरला. आम्हा सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं तेही तिच्याच भाषेत. “वेल्ड म्हणजे लग्न. सुटतं, पण ग्राइंडर लागतो. फ्लँज म्हणजे शेजार. मनात येईल तेव्हा सोडा, पण मध्ये गळती थांबवायला गास्केट पाहिजेच. आणि आट्याचा जोड म्हणजे दीर. फार पिळला की गळायला लागतो.” तिचा स्वतःचा घटस्फोट होऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे ग्राइंडरच्या बाबतीत तिचा शब्द आम्ही प्रमाण मानायचो.

तिची एक खोड मात्र सॉफ्टवेअरलाही पटली नाही आणि आमच्या साहेबांनाही नाही. प्रत्येक मोठ्या लाइनीत ती एक सांधा मोकळा ठेवायची. म्हणजे पाइप दहा सेंटिमीटर जास्त लांब, आणि त्या टोकाचा फ्लँज नुसता सोबत पाठवायचा, वर्कशॉपमध्ये वेल्ड करायचा नाही. जागेवरचा मिस्त्री मोजणार, कापणार, मगच वेल्ड करणार. कारण जागेवर काहीच कागदासारखं नसतं. भिंत तीन सेंटिमीटर पुढं येते, बॉयलर थोडा सरकून बसतो, प्रत्येक फ्लँजमध्ये दोन मिलिमीटरचं गास्केट जातं आणि ते मॉडेलात कोणी धरलेलंच नसतं.

त्या सांध्याला ती पाहुण्याची जागा म्हणायची. आमच्याकडे घराच्या राखणदार संताच्या दिवशी कोणाला आमंत्रण द्यायची पद्धत नाही. ज्याला यायचं तो येतो, घरच्यांनी ताटं चार जास्त मांडायची. “भिंत तीन सेंटिमीटर पुढं येते, ती काय तुम्हाला चिठ्ठी पाठवून येते?” ती विचारायची. मॉडेलात हे सांधे ती पिवळे रंगवायची. सॉफ्टवेअरला वाटायचं बाई जोडायलाच विसरली, म्हणून ते प्रत्येकाला एक चेतावणी चिकटवायचं. ती ढुंकून बघायची नाही.

आणि विसरणं हीच एक गोष्ट होती जिची तिला भीती वाटायची. तिची आई शेवटची चार वर्षं सगळं विसरत गेली. आधी चुलीवरचं भांडं, मग गल्ली, मग पोटची मुलगी. रोसामावशी कामावरून घरी गेली की आई आदरानं उठून विचारायची, “बाई, आपण कोणाच्या?” हे तिनं मला एकदाच सांगितलं, भोपळी मिरच्या भाजताना, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, “मी ठरवलंय पोरी. ज्या दिवशी एक सांधा विसरेन, त्या दिवशी खुर्चीवरून उठेन. कोणी येऊन सांगायची वाट बघणार नाही.” तेव्हापासून ती कधी चष्मा शोधायला लागली तरी मी आधी तिचा चेहरा बघायची.

झिव्को निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा लाझार साहेब झाला. माणूस वाईट नव्हता, पण व्हिएन्नात सहा वर्षं काढून आला होता आणि स्वच्छतेचं वेड घेऊन आला होता. रोसामावशीला तो मिस्त्रीबाई म्हणायचा, ती त्याला साहेब म्हणायची, आणि दोघांनाही त्यातली मेख कळत होती. गेल्या वसंतात आमच्याकडे पेश्तेरच्या पठारावरच्या एका नव्या डेअरीचं काम होतं. त्या भागात संत जॉर्जच्या दिवसापासून, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापासून, कोकरांना आईच्या दुधावरून तोडतात आणि मेंढ्यांचं दूध घरोघर काढायला लागतात. त्या दिवशी डेअरी चालू नसली तर साठ घरांचं दूध जायचं कुठं, हा प्रश्न होता. लाझारनं फर्मान काढलं, की शुक्रवारी तीन वाजता मॉडेल जाईल आणि त्यात एकही चेतावणी नसेल.

त्या शुक्रवारी रोसामावशी रजेवर होती, फर्मान तिच्या कानावर गेलंच नव्हतं. तिच्या मिरचीच्या रोपांना वाफ्यात हलवायचं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरचीपुढं तिला ऑस्ट्रियाचा सम्राटही दिसला नसता. चेतावण्या सत्तावीस होत्या. अठरा मी दुपारपर्यंत संपवल्या, त्या खऱ्याच चुका होत्या. उरल्या नऊ. नऊही पिवळ्या.

मी तिला फोन करायला हवा होता. फोन टेबलावरच होता. पण मला ठाऊक होतं ती काय म्हणेल, आणि मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. मी इंजिनिअर, परवाना माझ्या नावाचा, सही माझी. मी एकेक टोक ओढलं आणि जोडून टाकलं. पाइप आपोआप आखूड झाला, फ्लँज नीट चिकटला, चेतावणी गेली. चाळीस मिनिटांत शून्य. सोमवारी तिला सांगू, असं ठरवून मी पाठवून दिलं.

सोमवारी लाझारनं सगळ्यांसाठी बुरेक आणि दही मागवलं आणि काम वेळेत गेलं म्हणून सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. रोसामावशीनं तर माझ्या पाठीवर थाप मारली. “शिकली हो माझी पोरगी.” मी तोंडात बुरेकचा आणखी एक घास कोंबला. मंगळवारी सांगू म्हटलं. मग बुधवारी. मग ती दुसऱ्या कामाला लागली, मॉडेल कुलपात गेलं, आणि मी स्वतःला सांगितलं की चार मिलिमीटर इकडेतिकडे, भागेल. माझ्या स्वभावाचं हे असं आहे. चूक करायला मला चाळीस मिनिटं पुरतात आणि कबूल करायला तीन आठवडे कमी पडतात.

फोन आला तो तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, तिच्या टेबलावर. डेअरीवरचा मुख्य मिस्त्री रेशाद, तिचा जुना ओळखीचा. तिच्या हातात कॉफीचं भांडं होतं म्हणून तिनं फोन स्पीकरवर लावला.

“रोसा, पहिली वाफेची लाइन चढवली. पाच सेंटिमीटर लांब आहे. बॉयलरमध्ये घुसतेय.”

“मग काप की. त्यासाठीच ठेवलंय.”

“कुठून कापू? दोन्ही टोकांना फ्लँज वेल्ड होऊन आलेत. तुझी पाहुण्याची जागा कुठाय?”

तिनं कॉफीचं भांडं हळूच टेबलावर ठेवलं. मग वर्कशॉपला गेलेला कागद काढला, त्या सांध्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. कागदावर तो बंद होता. तिनं सोडलेल्या सांध्याला दुसरं कोणी हात लावेल हे तिच्या मनातही आलं नाही. आठ वर्षांत कोणाची तेवढी छाती झाली नव्हती.

“रेशाद,” ती म्हणाली, “मी येते.”

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी पाण्याची बाटली उचलली आणि भरायला गेले.

बुधवारी लाझारनं आम्हा दोघींना पेश्तेरला जायला सांगितलं, आणि गुरुवारी पहाटेच आम्ही निघालो. गाडी तिची, चालवणार तीच. दुसऱ्याच्या हातात ती चाक देत नाही. बेलग्रेड मागं पडलं. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाली, “काल साहेबाला सांगून टाकलं. महिनाअखेरीला उठते मी.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, परत आल्यावर बोलू. म्हणजे हो.”

“मावशी, एका सांध्यावरून कोणी...”

“एक नाही. कागद सगळे काढून बघितले रात्री. नऊच्या नऊ बंद आहेत.” रस्त्यावरची नजर तिनं हलवली नाही. “गंमत सांगू? मला प्रत्येक सोडल्याचं आठवतंय. वाफ एक, बॉयलरच्या मागं. वाफ दोन, दुसऱ्या खांबापाशी. गरम पाणी, जिन्याखाली. डोळ्यांपुढं दिसतात मला, पिवळे. पण आईलासुद्धा आठवायचं, की आत्ताच जेवले म्हणून. ताट समोर तसंच असायचं.”

मी तोंड उघडलं. समोरून ट्रक आला, तिनं शिवी हासडली, मी तोंड मिटलं. इव्हान्यित्साच्या पुढं घाट लागला तेव्हा आणखी एकदा उघडलं. तेव्हा ती पुटपुटत होती, ओठ हलत होते, आणि कान देऊन ऐकलं तर ती महिन्यांची नावं उलटी म्हणत होती. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत बिनचूक म्हटली आणि पुन्हा डिसेंबरपासून सुरुवात केली.

पेश्तेरवर अजून ओढ्यांच्या कडेला बर्फ होतं. डेअरीच्या बॉयलरखोलीत रेशाद आणि त्याची दोन माणसं उभी होती, आणि ती लाइन साखळीला लटकत होती. रोसामावशीनं खिशातून स्वतःची टेप काढली. भिंत मोजली. तीन सेंटिमीटर पुढं होती. फ्लँज मोजले, गास्केटं धरली, अकरा जोडांचे बावीस मिलिमीटर. पाच सेंटिमीटरचा हिशेब तिथंच लागला. तिनं टेप गुंडाळली आणि रेशादकडे वळली. तीस वर्षं पुरुषांच्या शिव्यांना सव्वा शिवी देणारी बाई, ती म्हणाली, “रेशाद, मला माफ कर. म्हातारी झाले मी. विसरायला लागले.”

रेशाद बिचारा बुटाकडे बघायला लागला. “असं काय म्हणतेस, होतं एखाद्या वेळी,” असं काहीतरी म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती आणि ती तिला ऐकू आली.

“मी बंद केले,” मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

“तू मिरच्या लावायला गेलीस त्या शुक्रवारी. साहेबाला शून्य हवं होतं. मी ओढून जोडून टाकले. सगळे.”

“नऊच्या नऊ?”

“हो.”

ती हळूहळू पाइपांच्या चळतीवर बसली. मला वाटलं आता उठेल आणि देईल एक ठेवून, आणि खरं सांगते, मी गाल पुढं केला असता. ती जमिनीकडे बघत म्हणाली, “म्हणजे मी सोडले होते.”

“हो मावशी.”

“नऊ.”

“नऊ. बरोबर जिथं तू म्हणालीस तिथं.”

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. आठ वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि मला समजत होतं की तो तीन दिवस बाहेर कोणी टांगून ठेवला होता. रेशादनं आपल्या माणसांना बोल्ट मोजायला बाहेर पाठवलं आणि स्वतःही गेला. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मला तिचा हात धरायचा होता, पण तो हक्क मी गमावला होता असं वाटलं.

रडणं दोन मिनिटांत आटोपलं. तिनं बाहीला नाक पुसलं, उभी राहिली आणि म्हणाली, “बाकीच्या आठ लाइनी वर्कशॉपमध्ये आहेत. वेल्ड व्हायच्या आत थांबवायला हव्यात. लाझारला फोन लाव.”

मी लावला आणि आधी माझं सांगून टाकलं, एका दमात. मग लाझार म्हणाला, “तुझ्याशी सोमवारी बोलतो. फोन तिला दे.” तिनं फोन घेतला आणि कागदाकडे न बघता सांगत गेली. कुठली लाइन, कुठला टेकू, कुठल्या बाजूचा फ्लँज. सातव्याला लाझार म्हणाला, थांबा, लिहून घेतो. ती म्हणाली, “लिहा साहेब, सावकाश. मला घाई नाही.” शेवटी तो काहीतरी बोलला आणि तिनं फोन मला परत दिला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, महिनाअखेरीचं त्यानं काही ऐकलेलं नाही.” तिनं खडू काढला. “चल, पाइप धर. शून्य करून दाखवलंस ना, आता पाच सेंटिमीटर करून दाखव.”

रेषा तिनं आखली, कापायला रेशादचा माणूस, आणि दीड तास तो जड पाइप खांद्यावर टेकवून धरायला मी. वाकले की ती म्हणायची, “सरळ, इंजिनिअरबाई.” फ्लँज वेल्ड झाला, थंड झाला, लाइन चढली. गास्केट बसलं तेव्हा रेशादनं तिला बोल्टाची शेवटची फेरी मारायला पाना दिला. ती फेरी तिनं अगदी निवांत मारली. मग त्यानं जबरदस्तीनं गव्हासारख्या काळ्या धान्याची थरांची पोळी आणि मेंढीचं चीज खायला घातलं. ती माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलली.

परतीच्या वाटेवरही तेच. मी माफी मागितली, तिनं वायपर लावले. पाऊस नव्हता. मी पुन्हा मागितली, तिनं रेडिओ लावला. घाट उतरून झाला, इव्हान्यित्सा गेलं. चार वाजून गेले होते. तेव्हा तिनं रेडिओ बंद केला.

“माझा फोन घे. त्यात नोवी सादच्या दवाखान्याचा नंबर आहे, सगळ्यात वरचा.”

मी काढला. तो फोन मंगळवारी सकाळी केलेला होता, रेशादच्या फोननंतर पाच मिनिटांनी. मी पाणी भरायला गेले होते तेव्हा.

“मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती मी. पुढच्या बुधवारी साडेदहा. रद्द कर.”

माझ्या डोळ्यांपुढचा नंबर धूसर झाला. तरी मी लावला, नाव सांगितलं, रद्द करा म्हटलं. पलीकडची मुलगी टाइप करत होती. म्हणाली, कारण काय लिहू?

मी रोसामावशीकडे बघितलं. “कारण विचारतेय.”

“सांग, चूक दुसऱ्याच बाईची निघाली.”

मी तसंच्या तसं सांगितलं. त्या मुलीनं क्षणभर विचार केला आणि अगदी सालसपणे विचारलं, मग वेळ त्या दुसऱ्या बाईंच्या नावावर ठेवू का.

आवाज गाडीभर ऐकू गेला होता. रोसामावशीनं रस्त्यावरून नजर न काढता हात लांब केला, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, “ठेव म्हणावं.”